डिझेलचा चौथा हिस्सा

अम्मान,
२५ नोव्हेंबर १९९१

आदरणीय सब्री मामांना,

सलाम. अफाफ मामींनाही सांगा. हे पत्र तुमच्या गावच्या झियाब ड्रायव्हरच्या बसने येतंय. तुमच्या गावात फोन करायचा म्हणजे पोस्टातल्या सगळ्या गर्दीला ऐकवायचं, असं आई म्हणायची. म्हणून कागदावर लिहिते.

मामा, मला थंडीत घर कसं चालवायचं ते शिकवा. हसू नका. माझा जन्म कुवेतचा, लग्न कुवेतमध्ये, दीमासुद्धा तिथलीच. घर थंड कसं ठेवायचं तेवढंच आम्ही शिकलो. युद्धानंतर इथे येऊन चार महिने होतायत आणि मला अजून कळत नाही की बाहेर ऊन असताना आत दात का वाजतात.

घर वरच्या मजल्यावर आहे, तिसऱ्या. तळमजल्यावर घरमालक अबू नाजी राहतात, मधे दोन भाडेकरू, एक बँकवाले आणि एक डेंटिस्ट. तळघरात डिझेलचा बॉयलर आहे. त्याचं गरम पाणी नळ्यांतून चारही मजल्यांवर फिरतं आणि महिनाअखेर अबू नाजी डिझेलचा खर्च चौघांत सारखा वाटतात. या महिन्याचा आमचा हिस्सा पाहून हाझिम खुर्चीवर बसला तो उठेचना. माझ्या पगाराचा तिसरा भाग गेला. आणि पाणी आमच्यापर्यंत पोचतं ते कोमट. रेडिएटरवर हात ठेवला तर तापलेल्या माणसाच्या कपाळाएवढंही लागत नाही.

हाझिमला अजून इंजिनिअरची नोकरी नाही. सध्या चुलत्याची टॅक्सी चालवतो. मला शाळेने जूनपर्यंत तात्पुरतं ठेवलंय, पुढचं नंतर बघू म्हणतात. त्यामुळे सुट्टी घ्यायची सोय नाही.

दीमाच्या छातीत शिट्टी वाजते. डॉक्टर म्हणतात, खोली गरम ठेवा आणि धूर नको. गॅसचा हीटर आणून पाहिला, तर शिट्टी वाढली, परत केला. विजेचा लावला की सगळ्या मजल्याचा फ्यूज उडतो. काय करू ते सांगा.

तुमची,
रुदैना


अजलून,
३ डिसेंबर १९९१

प्रिय रुदैना,

पत्र मामीने मोठ्याने वाचायला लावलं. हाझिमच्या खुर्चीशी ती फार हसली, मग दीमाशी आली आणि तेवढं पुन्हा वाचायला लावलं.

तुझी आई लग्न होऊन वाळवंटात गेली तेव्हाच मी म्हटलं होतं, हिची पोरं हिवाळ्याला घाबरणार. असो. आता नीट वाच आणि नवऱ्यालाही वाचायला दे. इंजिनिअर आहे म्हणून सोडू नकोस.

एक तर, हिवाळ्यात घर म्हणजे एकच खोली. दक्षिणेकडची कुठली असेल ती घ्या. झोपणं, जेवणं, तुझ्या वह्या तपासणं, सगळं तिथे. दिवाणखान्याला कुलूप लाव. पाहुणे आले तर तेही तुमच्यात बसतील. सासरचे नावं ठेवतील, ठेवू देत.

उत्तरेच्या दगडी भिंतीवर गालिचा टांग. जमिनीवर एक असेल तर तोच टांग आणि जमिनीवर घोंगडी घाल. दाराच्या फटीला जुन्या पायजम्याचा पाय वाळू भरून लाव. खिडकीला आतून प्लास्टिक, पण वरची एक बोटभर जागा उघडी ठेव, पोरीला हवा लागते. त्या खोलीत कपडे वाळत घालू नकोस. ओल आली की तेवढ्याच आगीत खोली निम्मीच तापते. रेडिएटरमागे स्वयंपाकाचा चंदेरी कागद चिकटव, चमकती बाजू खोलीकडे. आणि पडदा त्याच्यावर लोंबू देऊ नकोस. बहुतेक बायका नेमकं तेच करतात आणि खिडकीला ऊब देतात.

आता महत्त्वाचं. वरच्या मजल्याच्या रेडिएटरात हवा अडकते. वरच्या कोपऱ्यात छोटा स्क्रू असतो. खाली वाटी धर आणि तो सैल कर. फुस्स करून हवा जाईल. पाणी थुंकायला लागलं की घट्ट कर. हे अबू नाजीने तुम्हाला सांगायला हवं होतं.

एवढं करूनही नाही भागलं, तर आमच्या शेगडीजवळ तिघांची जागा आहे. घाण्यावरून ऑलिव्हची पेंड यंदा भरपूर आली आहे. विटा पाडून ठेवल्यात, एक टाकली की तासभर बघायला नको. धूर धुराड्यातून वर जातो.

तुझा मामा,
सब्री


अम्मान,
२८ डिसेंबर १९९१

प्रिय मामा,

तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. रेडिएटरातून इतकी हवा निघाली की हाझिम म्हणाला, आपण दोन महिने हवेचेच पैसे भरत होतो. आम्ही तिघं आता एका खोलीत राहतो. गालिचा भिंतीवर गेल्यापासून दीमा त्यावरच्या हरणांशी बोलते. सासूबाई आल्या, दिवाणखान्याचं कुलूप पाहिलं आणि विचारलं, आत कोणाला कोंडलंय का. पण खोली उबदार झाली, हे त्यांनीही मान्य केलं.

आणि तरीही, मामा, या महिन्याचा हिस्सा मागच्यापेक्षा जास्त आला. आम्ही तीन खोल्यांचे रेडिएटर पूर्ण बंद ठेवले, त्याचा काही उपयोग नाही. अबू नाजी म्हणाले, नळी एक आहे, मोजायला यंत्र नाही, चार मजले म्हणजे चार हिस्से. मी म्हटलं, मग आमची नळी तोडा, हिस्सा नको, आम्ही आमची धुराड्याची शेगडी लावतो. खिडकीची एक काच काढून तिथे पत्रा बसवायचा आणि त्यातून धुराडं बाहेर काढायचं, घर सोडताना काच परत बसवून देऊ. पेंड तुम्ही पाठवालच. हाझिमने हिशेब केला, निम्म्याहून कमी खर्चात खोली दुप्पट तापेल.

ते नाही म्हणाले. कारण दिलं नाही. माझ्याकडे न बघता नाही म्हणाले आणि दार लावून घेतलं. मधल्या मजल्यावरचे बँकवाले म्हणतात, तुम्हाला सोडलं तर आम्हीही सुटतो, आम्हालाही शेगडी परवडेल. म्हाताऱ्याला स्वतःच्या मजल्याची ऊब आमच्या पैशांत हवी आहे. कंजूष माणूस.

तुम्ही याल का? चार वडीलधारे गेले की त्यांना असं दार लावता येणार नाही. हाझिमचे चुलते यायला तयार आहेत, पण बोलणारं माणूस हवं.

दीमाला थोडा खोकला आहे, बाकी मजेत.

रुदैना


अजलून,
५ जानेवारी १९९२

प्रिय रुदैना,

सतरा तारखेच्या शुक्रवारी, नमाजानंतर. हाझिमला सांग, माणूस पाठवून अबू नाजीला आधी कळव. न कळवता जाणं म्हणजे भांडायला जाणं.

तू तिकडे वाढलीस म्हणून लिहितो. आपल्याकडे लग्नाचं मागणं घेऊन जातात तसंच हे. आम्ही बसू. तो कॉफी आणेल. आम्ही कप घेऊ आणि समोर ठेवू. कोणी तोंडाला लावणार नाही. तो विचारेल, कॉफी का राहिली? मग मी मागणं सांगीन. पाहुण्यांची कॉफी समोर थंड होत असताना नाही म्हणणं फार थोड्यांना जमतं. तो हो म्हणाला की प्यायची. आणि मागण्याआधीच प्यायलो, तर मागायला काही उरलं नाही; कॉफी पिऊन, आभार मानून घरी यायचं. हाझिमला हे नीट समजावून सांग. टॅक्सीवाल्यांना कॉफी दिसली की उचलायची सवय असते.

माझ्या हयातीत अशा बैठकीतून मी रिकाम्या हाताने परतलेलो नाही. काळजी करू नकोस.

सब्री मामा


अम्मान,
१९ जानेवारी १९९२

मामा,

शुक्रवारी तुम्ही घाईघाईने बस पकडलीत, म्हणून आता विचारते.

हाझिमने मला सगळं सांगितलं. तो म्हणाला, कॉफी आली, त्याने समोर ठेवली, चुलत्यांनी ठेवली. तुम्ही कप हातात धरून बसलात. अबू नाजी तुमच्याकडे बघत होते. आणि मग तुम्ही प्यायलात. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. कप परत दिलात आणि म्हणालात, "फार छान कॉफी. घर आबाद राहो." उठलात. हाझिमच्या चुलत्यांना काय करावं कळेना, तर त्यांनीही पिऊन टाकली.

हाझिम म्हणतो, मामा म्हातारे झाले, विसरले. मी म्हटलं, माझे मामा कोणाच्या लग्नात कोण कुठे बसलं होतं ते सांगतात. ते विसरत नाहीत.

मग एकच उरतं. पहिल्या पत्रापासून तुम्ही लिहिताय, आमच्याकडे या. शेगडीजवळ तिघांची जागा आहे. तुम्हाला हवंच होतं की आमचं इथे जमू नये. माझी नोकरी म्हणजे तुमच्या लेखी बायकांचा वेळ घालवायचा प्रकार आहे का?

तुम्हाला वेगळं काही सांगायचं असेल तर सांगा. मी वाट बघते.

रुदैना


अजलून,
२४ जानेवारी १९९२

प्रिय रुदैना,

त्या दिवाणखान्यात थंडी फार होती. हात गारठले होते, कप गरम होता. प्यायलो.

तुझ्या नोकरीबद्दल मी कधी वाईट बोललेलो नाही आणि बोलणारही नाही.

झियाबबरोबर लोकरीचे दोन मोजे आणि तेलाचा एक डबा पाठवतोय. दीमाच्या पाठीला रोज कोमट करून चोळ. त्या दिवशी पोरगी चांगली हसत-खेळत होती, ते बघून बरं वाटलं. लहानपणी माझ्याही छातीत शिट्टी वाजायची, वयाबरोबर गेली.

सब्री


अम्मान,
२० फेब्रुवारी १९९२

मामा,

मोजे मिळाले. महिनाभर उत्तर दिलं नाही. आधी बर्फाने रस्ते बंद होते, मग मला लिहायचं नव्हतं.

आता सगळं लिहिते, माझ्याकडचंही.

तुम्ही आलात त्या शुक्रवारी दीमा हसत-खेळत होती, कारण मी तिला दुपारीच औषध देऊन ठेवलं होतं आणि बजावलं होतं, मामाआजोबांसमोर खोकायचं नाही. डिसेंबरात "थोडा खोकला" लिहिलं तेव्हा ती दवाखान्यातून नुकतीच घरी आली होती. तिथे तोंडाला वाफेची नळी लावावी लागली होती. जानेवारीत पुन्हा. मी लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तुम्ही तिला घेऊन जा म्हणाला असता, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. मग बर्फात तिसऱ्यांदा. त्या वेळी हाझिम तिला खांद्यावर घेऊन टेकडी उतरला, टॅक्सी निघत नव्हती. डॉक्टर या वेळी ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, बाई, या घरात हिला ठेवू नका.

दवाखान्यातून आले ती थेट अबू नाजींच्या दारात गेले. कोणी वडीलधारं नाही, हाझिमही नाही. भांडायलाच गेले होते. त्यांनी दार उघडलं, अंगात ओव्हरकोट, घरात. आत बसवलं. तोच दिवाणखाना. मी सवयीने रेडिएटरवर हात ठेवला. बर्फासारखा. तुम्हीही ठेवला असणार. चावीच फिरवून बंद करून टाकलेली.

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. त्यांच्या बायकोची, उम्म नाजींची, खाट रेडिएटरला चिकटवलेली. झटका येऊन त्यांची अर्धी बाजू गेलीय, हे मला माहीत नव्हतं, आजारी आहेत एवढंच ठाऊक होतं. पायाची पट्टी कशाची, मी विचारलं. म्हणाले, मागच्या वर्षी डिझेल महागलं म्हणून शेगडी लावली होती. तिचा पाय शेगडीला टेकला. तिला कळलंच नाही. तिला त्या बाजूने भाजलेलं कळत नाही. वास आला तेव्हा मी स्वयंपाकघरातून धावलो. जखम अजून भरत नाही. म्हणून तिच्याजवळ आग नको, फक्त हा रेडिएटर. आणि चार हिस्से मिळाले तरच बॉयलर चालतो. तुम्ही गेलात की बँकवाले जातात, मग डेंटिस्ट जातो.

मी विचारलं, हे मला डिसेंबरात का सांगितलं नाही?

ते म्हणाले, "भाडेकरूला बायकोची पट्टी दाखवून पैसे मागू?"

मग म्हणाले, "तुझा मामा प्यायला तेव्हाच कळलं मला, की या माणसाने आत पाहिलंय. त्याने मागितलं असतं तर मला हो म्हणावंच लागलं असतं. चार माणसांची कॉफी समोर होती."

मी म्हटलं, "त्याने तुमची अब्रू राखली. माझ्या मुलीच्या श्वासाचं काय?"

"मग आता तू माग," ते म्हणाले. "तुझ्यामागे कोणी नाही, कॉफी नाही. आता मी खरं उत्तर देऊ शकतो."

मी मागितलं, मामा. उम्म नाजी ऐकत होत्या, तरी मागितलं. नळी तोडा, शेगडी लावू द्या, तिसऱ्यांदा दवाखान्यातून आलेय. ते रडले. आणि नाही म्हणाले.

जिना चढताना मला त्यांचा राग येत नव्हता, याचंच मला नवल वाटलं. त्यांनी तोंडावर नाही म्हटलं. तुम्ही मात्र माझा निर्णय परस्पर घेतलात आणि वर मला हात गारठल्याची गोष्ट सांगितलीत. बैठकीनंतर तुम्ही पुन्हा जिना चढून वर आला असता, दोन वाक्यं बोलला असता, तर मीही तुम्हाला दीमाचं खरं सांगितलं असतं. कदाचित. नक्की सांगितलं असतं असं म्हणवत नाही.

दुसरं घर शोधतोय. कुवेतहून आलेल्यांनी शहर भरलंय, भाडी दुप्पट झालीत, आणि आगाऊ द्यायचे पैसे साठायला जूनपर्यंत थांबावं लागेल. मी नोकरी सोडली तर तेही नाही.

शनिवारी झियाबच्या बसने हाझिम दीमाला तुमच्याकडे घेऊन येईल. औषधं पिशवीत आहेत, निळी बाटली फक्त शिट्टी वाजली तर. तिला कांदा आवडत नाही, ताटात लपवला तरी शोधून काढते. झोपताना माझ्या केसांची बट बोटाला गुंडाळते. मामींना सांगा, त्रास देईल.

तुम्हाला माफ केलं असं समजू नका. ती तिथे नीट श्वास घेईल म्हणून पाठवतेय.

रुदैना


अजलून,
१२ मार्च १९९२

प्रिय रुदैना,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मी दीमाची थोडी खात्री होईपर्यंत थांबलो.

मी काय केलं ते तू बरोबर लिहिलंस. आत पाहिलं, रेडिएटरवर हात ठेवला, आणि कप हातात असतानाच ठरवलं. मला वाटलं, एका बाजूला रेडिएटरशी निजलेली आजारी बाई, दुसऱ्या बाजूला पोराची शिट्टी, जी मोठेपणी जाते. माझी शिट्टी गेली म्हणून दीमाचीही जाईल, हे मी कुठून आणलं? बैठकीनंतर तुझ्या घरी पुन्हा चढून यायला हवं होतं. तुझे डोळे बघायला लागले असते, म्हणून बस पकडली. तुझी माफी मागत नाही; तू देणार नाहीस असं लिहिलंयस, आणि ते ठीक आहे.

आता पोरीचं. निळी बाटली पहिल्या आठवड्यात दोनदा लागली. त्यानंतर नाही. रात्री अफाफ तिच्या पाठीला कान लावते आणि मला हाताने खूण करते, काही नाही. पेंडेच्या विटांना ती चॉकलेट म्हणते आणि शेगडीत एकेक टाकायचा मान तिचाच आहे. चिमट्याने, मी मागे उभा असतो. रमजान लागल्यापासून तीही रोजा धरते, नाश्ता झाल्यावर. मामीला विचारते, आजोबा आज पाणी प्यायले का, आणि माझ्यावर नजर ठेवते. गाल भरलेत. बोलणंही आमच्यासारखं व्हायला लागलंय. काल शेजारणीला तिने अशी काही हाक मारली की ती म्हणाली, ही कुवेतची नाही, आमच्याच खोऱ्यातली.

अफाफ म्हणते पुढचं लिहू नका. मागच्या वेळी तुझ्या वतीने काय सांगायचं आणि काय नाही ते मी ठरवलं होतं, म्हणून या वेळी लिहितो.

आल्यापासून रोज संध्याकाळी, बस यायच्या वेळेला, ती फाटकाशी जाऊन उभी राहायची. थंडी असो, चिखल असो. बस गेली की आत यायची. झोपताना अफाफच्या केसांची बट धरायला बघायची, मग सोडून द्यायची. म्हणायची, ही नाही.

चार दिवस झाले, ती फाटकाशी गेली नाही. बस आली, गेली, ती शेगडीपुढे खेळत होती. मी विचारलं, "आज आई आली असती तर?" ती म्हणाली, "आली तर आत येईलच ना." आणि काल रात्री तिने अफाफच्या केसांची बट बोटाला गुंडाळली आणि झोपली. श्वास अगदी शांत होता. अफाफ मात्र पहाटेपर्यंत जागी होती. केस सोडवून घ्यायला तिला धीर झाला नाही.

शाळेला शुक्रवारची सुट्टी असते. येत्या शुक्रवारी ये, आणि त्याच्या पुढच्याही. झियाबला मी सांगून ठेवलंय, तुझ्यासाठी पुढची खिडकीची जागा ठेवेल. तिच्या छातीची काळजी करू नकोस, ती आता बरी आहे. त्यासाठी बोलवत नाही. लवकर ये.

तुझा मामा,
सब्री